शनिवारचा भडंग

आता सांगून टाकतो. केंद्र बंद होऊन
नऊ वर्षं झाली, हळदीचा वास तेवढा
माझ्या जुन्या हेडफोनच्या स्पंजात उरलाय.

मार्केट यार्ड, दलालाच्या गोदामावर दुसरा मजला.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला गोधडी.
खाली पॉलिशचं पिंप फिरायला लागलं
की माइक बंद करून गाणं लावायचं.
दर शनिवारी, संध्याकाळी सहा ते सात:
‘शनिवारचा भडंग’.
कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं,
कुठल्या मालिकेतली सासू पुढच्या आठवड्यात मरणार,
आणि शेवटची वीस मिनिटं एक तारा, फोनवर.
प्रायोजक: टायर रिमोल्डवाले बिरनाळे.

त्या शनिवारी तारा मोठा होता. नाव नको.
आठवडाभर जाहिरात केलेली,
बिरनाळ्यांनी दुकानासमोर स्पीकर बांधलेला.
सहा चाळीसला फोन बंद.
बेचाळीसला बंद.
मॅनेजर म्हणाला, सर झोपलेत.

दस्तगीर मुजावर दारात उभा होता,
जिंगलचे राहिलेले दीडशे मागायला.
ऑर्केस्ट्रात नटांचे आवाज काढायचा;
ऑर्केस्ट्रा बुडाल्यापासून पोत्यांवर मार्का मारायचा.
त्यानं माझं तोंड बघितलं,
शेजारच्या खोलीत जाऊन दुसरा फोन उचलला,
आणि माझ्या कानात तो मोठा तारा म्हणाला,
‘नमस्कार, सांगली.’

मी काय करणार होतो?
(खरं तर बरंच काही करता आलं असतं.)

आवडता पदार्थ? वरण-भात, आईच्या हातचा.
पहिलं प्रेम? हसला. तेच हसू, नाकातून सुरू होणारं.
दिग्दर्शकाशी भांडण? ‘अहो, भांड्याला भांडं लागतंच.’
सगळं त्या माणसाच्या मापाचं.
मग कागदावरचे प्रश्न संपले, चार मिनिटं उरली,
म्हणून विचारलं, भीती कशाची वाटते?

फोनवर जरा वेळ नुसती हवा.
‘पेवाची,’ तो म्हणाला.
‘हरिपूरला वडील हळदीच्या पेवात उतरायचे.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर त्या दिवशी सुट्टी.
जळत राहिला, तर वडील.
मी काठावर पालथा पडून हाक मारायचो.
खालून ओ यायची, ती त्यांची नसायची.
जाड, गोल, कुणा दुसऱ्याच माणसाची.
वर आले की पुन्हा आमचेच.
तेव्हापास्नं मला कुणाचाबी...’
तिथं तो सावरला.
‘कुणाचाही आवाज मला एकट्याचा वाटत नाही.’

सातला मी बाजारभाव लावले.
दस्तगीर कपाळ पुसत बाहेर आला.
दोनशे दिले. पन्नास परत केले त्यानं.
‘जिंगलचे दीडशेच हुते.’

सोमवारी हरिपूरहून पोस्टकार्ड:
‘नटसाहेबांचे वडील कुणाच्या पेवावर होते?
आम्ही साठ वर्षे येथेच आहोत. कळवावे.
आण्णाप्पा चौगुले.’
मी कळवलं नाही.
कार्ड अजून आहे, बिलांच्या फाइलीत.

मॅनेजरनं रेकॉर्डिंग मागवलं.
घाबरत पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या दिवाळीत टीव्हीवर, पांढऱ्या सोफ्यावर,
मोठ्या ताऱ्याला कुणीतरी तेच विचारलं.
त्यानं डोळे मिटले. म्हणाला, पेवाची.
कंदील आला. दोरी आली. वडील उतरले.
काठावर पालथा पडलेला पोरगाही आला.
मुलाखत घेणारीनं टिपं पुसली.

आम्ही दोघं बिरनाळ्यांच्या दुकानात
टायरांच्या थप्पीला टेकून उभ्यानं बघत होतो.
माझे कान तापले होते,
त्याच्याकडं बघायचं धाडस होईना.
दस्तगीर मान वाकडी करून ऐकत होता,
पुसट मार्का वाचावा तसा.
‘ओ चुकली,’ शेवटी म्हणाला.
‘खालनं येती ती अशी न्हाई येत.’
आणि वाकून, टायरच्या पोकळीत तोंड घालून,
एकदाच दिली.

बिरनाळे गल्ल्यावरून उठून उभे राहिले.